ठराव झाला, पाणी कधी मिळालं?

ग्रामसभेत हात वर करून आपण ठराव करतो. वहीत नोंद होते, सह्या होतात. पुढे काय होतं? आज शंभर वर्षांपूर्वीच्या एका ठरावाची गोष्ट ऐकूया.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला: सरकारी पैशातून बांधलेल्या, राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. तेव्हा आपला मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात आणि जिल्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे तो ठराव आपल्या गावांसाठीही होता. पण ती नुसती शिफारस होती. न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. तरी अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येईना. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला: जी नगरपालिका ऐकणार नाही, तिचं सरकारी अनुदान रोखा.

शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्याच दिवशी लोकांवर हल्ला झाला. पुढे तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला! मग कोर्टकचेरी. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

मग बोल्यांचा ठराव फुकट गेला का? आम्हाला तसं वाटत नाही. ठरावामुळे पाणी मिळालं नाही, पण पाणी मागणं ही याचना राहिली नाही, तो हक्क झाला. आज राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे.

घरात पाणी आणतो आपण बायकाच. म्हणून पाण्याचा असो वा मानाचा, पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला की तीन गोष्टी वहीत लिहून घ्या: काम कोण करणार, कधीपर्यंत करणार, आणि नाही केलं तर काय.