अंतुले, सिमेंट आणि वर्तमानपत्रांनी मागितलेला हिशेब

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या किनारपट्टीवर बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव निघाले की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, "साहेबांनी कोकणासाठी केले तेवढे कुणी केले नाही." दुसरे, "आपला माणूस मोठा झाला, म्हणून पेपरवाल्यांनी त्याला खाली खेचले." पहिल्या वाक्यात तथ्य आहे. दुसरे आपण पिढ्यानपिढ्या न तपासता पुढे ढकलत आलो आहोत. ते एकदा तपासून पाहावे, एवढ्यासाठीच हा लेख.

म्हसळा तालुक्यातल्या आंबेत गावचे अंतुले ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे ते पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. निराधारांना दरमहा आधार देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्या काळातली. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तो निर्णयही त्यांचाच. त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले. धडाक्याने निर्णय घेणारा माणूस, ही त्यांची ख्याती खोटी नव्हती.

पण काळ कठीण होता. १९७९ मध्ये मोठा दुष्काळ पडला, त्यातच जगभर तेलाचे भाव भडकले. १९७९-८० या वर्षात देशाचे उत्पन्न वाढण्याऐवजी पाच टक्क्यांहून अधिक घटले. महागाई दोन अंकी झाली. नोव्हेंबर १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून भारताला त्या वेळचे प्रचंड मोठे कर्ज घ्यावे लागले. साखर, रॉकेल, सिमेंट, सगळ्यालाच टंचाईची झळ होती.

यातले सिमेंट आपल्या गोष्टीत महत्त्वाचे. त्याची किंमत आणि वाटप सरकारच्या हाती होते. परमिट मिळाले तर गोण्या सरकारी भावाने, नाहीतर काळ्या बाजारात त्याहून कितीतरी चढ्या दराने. आपल्या किनाऱ्याला तर याची झळ विशेष. सत्तरच्या दशकात आपली माणसे आखातात गेली, पैसे घरी येऊ लागले, जुन्या घरांच्या जागी पक्की घरे बांधायची स्वप्ने पडू लागली. पैसा हातात, पण सिमेंट नाही, अशी अनेक घरांची गत होती. टंचाईच्या काळात परमिटावरच्या सहीला केवढी किंमत येते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

अशा वेळी ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. इंदिराजींच्या नावाचा व्यापार चालला आहे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. आरोप साधा आणि नेमका होता. मुख्यमंत्र्यांनी ट्रस्ट काढले आहेत, त्यांत 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' प्रमुख आहे, आणि ज्यांना सरकारकडून काही हवे त्यांच्याकडून या ट्रस्टसाठी देणग्या घेतल्या जात आहेत. बिल्डरांना सिमेंट आणि ट्रस्टला धनादेश, अशी ती सांगड होती. सहकारी साखर कारखान्यांकडून उसाच्या टनामागे रक्कम घेतल्याचाही आरोप होता.

सरकारने याला उत्तर कसे द्यायचे? जुन्या वाटा दोन होत्या. १८९७ मध्ये दुष्काळ आणि प्लेगच्या काळात 'केसरी'ने सरकारवर आसूड ओढले, तेव्हा इंग्रज सरकारने लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून अठरा महिन्यांची शिक्षा दिली. १९७५ च्या आणीबाणीत सेन्सॉर बसला आणि याच 'एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. १९८१ मध्ये या दोन्ही वाटा बंद होत्या. आता उत्तर शब्दांनीच द्यायचे होते.

अंतुल्यांच्या बाजूचे म्हणणे थोडक्यात असे होते: देणग्या स्वखुशीने आल्या, ट्रस्ट गरजू लेखक-कलावंतांसाठी आणि लोकोपयोगी कामांसाठी आहेत, माझ्या खिशात एक पैसाही गेलेला नाही. यातला शेवटचा मुद्दा आपल्याकडे आजही अभिमानाने सांगितला जातो. मी तो घटकाभर पूर्ण खरा धरतो. तरी मूळ प्रश्न तसाच उरतो, कारण पैसा कुणाच्या खिशात गेला हे विचारलेच नव्हते. ज्याने देणगी दिली त्याला सिमेंट कसे मिळाले आणि ज्याने दिली नाही त्याला का मिळाले नाही, हे विचारले होते. त्याला "मी गरिबांचे भले करतो" हे उत्तर होत नाही. "टीकाकारांचा हेतू वाईट आहे" हे तर मुळीच होत नाही. हेतू वाईट असला तरी वहीतली नोंद बदलत नाही.

वर्तमानपत्राने मांडलेला प्रश्न पुढे न्यायालयात गेला. प. बा. सामंत, मृणाल गोरे यांच्यासारख्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांना पद सोडावे लागले.

आता "मुसलमान होते म्हणून" या वाक्याकडे येऊ. त्या काळच्या टवाळीत त्यांच्या धर्माचा उल्लेख कुणी केलाच नसेल, असे मी म्हणत नाही. पण पुढचा इतिहास पाहा. चारच वर्षांनी, मार्च १९८६ मध्ये, मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर शिवाजीराव पाटील निलंगेकरांनाही मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. जे. जे. रुग्णालयातील भेसळयुक्त औषधाने झालेल्या मृत्यूंची चौकशी याच लेंटिन यांनी केली आणि त्यांच्या अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांनाही जावे लागले. तेही कोकणचेच. तराजू एकच होता.

अंतुल्यांची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. त्यांच्यावरचा फौजदारी खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला होता. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आपलाच आदेश चुकीचा ठरवला, कारण त्यामुळे आरोपीचे हक्क डावलले गेले होते. अंतुल्यांना कधीही शिक्षा झाली नाही. २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालय नव्याने स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले मंत्री तेच होते. म्हणून त्यांना सरसकट 'सिमेंटचोर' म्हणणारेही इतिहासाशी प्रामाणिक नाहीत.

आपल्या समाजातून फार थोडे लोक सत्तेच्या खुर्चीपर्यंत पोहोचतात. त्यामुळे पोहोचलेल्याला जपावेसे वाटते, आणि हे स्वाभाविक आहे. पण जपण्याच्या नादात आपण त्याला प्रश्न विचारायचेच सोडून देतो, आणि मग ते प्रश्न विचारायला फक्त त्याचे विरोधक उरतात. सिमेंटसाठी खेपा घालणारा माणूस आपल्यातलाही होता. त्याच्या वतीने कुणी विचारले, तर ते समाजाविरुद्ध कसे ठरते?

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अंतुल्यांच्या राजीनाम्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस, केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. हळूहळू गोणी दुकानात मिळू लागली आणि परमिटावरच्या सहीची किंमत उतरत गेली. किनाऱ्यावरची पक्की घरे त्यानंतर झपाट्याने उभी राहिली. ती बांधायला कुणाच्या ट्रस्टला देणगी द्यावी लागली नाही.