सर्दी आणि स्वभाव

पावसात घरातली चार माणसे भिजतात. दोघांना सर्दी होते, दोघे ठणठणीत राहतात. मग कुणीतरी म्हणतेच, ‘ती मनाला फार लावून घेते, म्हणून आजारी पडते.’ ही समजूत फार जुनी. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याने शरीरातल्या चार रसांच्या आधारे स्वभाव आणि आजार यांची सांगड घातली होती. पुरावा मात्र मिळायचा होता.

तो मिळू लागला १९७५ मध्ये. अमेरिकेत रॉचेस्टर येथे रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनच्या गोड पाण्यासोबत प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले. पुढे नुसते गोड पाणी पाजले, तरी त्यांची प्रतिकारशक्ती मंदावली. मेंदू आणि प्रतिकारशक्ती एकमेकांपासून तुटलेली नाहीत, हे त्यातून दिसले.

माणसांचे काय? इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ १९४६ पासून सर्दीचे संशोधन केंद्र होते. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूंचे थेंब टाकायचे आणि वाट पाहायची! शेल्डन कोहेन यांनी तिथल्या ३९४ जणांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के, तर सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना सर्दी झाली होती.

त्यांनीच २००३ मध्ये अमेरिकेतल्या ३३४ निरोगी लोकांचा अभ्यास मांडला. आधी अनेक संध्याकाळी फोन करून त्यांची मनःस्थिती विचारली, मग विषाणू देऊन सर्वांना वेगळे ठेवले. वापरलेले रुमालसुद्धा वजन करून पाहिले. उत्साही, आनंदी, शांत वृत्तीच्या लोकांना सर्दी कमी झाली. पण गंमत पुढेच आहे. खिन्न, चिडखोर वृत्तीच्या लोकांना सर्दी जास्त झाली नाही. त्यांनी तक्रारी तेवढ्या जास्त केल्या!

म्हणजे स्वभावाचा वाटा आहे, पण तो शक्यता थोडी कमी-जास्त होण्यापुरता. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी घडली, असे ठरत नाही. हसऱ्या माणसांनाही सर्दी झालीच.

तेव्हा आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा ‘तुझा स्वभावच असा’ हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवा. आजाराच्या ओझ्यावर अपराधाचे ओझे कशाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)