चूक शोधणाऱ्या बायका

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. तिथं दोन गोष्टी पाठोपाठ कानावर आल्या. एका ताईंची मुलगी पुण्याला कॉम्प्युटर शिकते. तिचा रात्री रडत फोन आला की, प्रोग्राम लिहिला की स्क्रीनवर नुसत्या लाल ओळी येतात, मला हे जमणारच नाही. आणि त्याच बैठकीत एक मावशी म्हणाल्या, माझा अर्ज पुन्हा माघारी आला, कॉम्प्युटर घेत नाही म्हणतात, माझ्याच कागदात काहीतरी खोट असंल.

दोघींनीही चूक स्वतःच्या अंगावर घेतली. म्हणून आज आम्ही यंत्रातल्या चुकांची गोष्ट सांगणार आहोत. ती गोष्ट बायकांपासूनच सुरू होते.

प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची यादी. पाहुणीला पुरणपोळी लिहून द्यावी तशी. फरक इतकाच की पाहुणीला ‘चवीपुरतं मीठ’ कळतं, यंत्राला कळत नाही. त्याला सगळं फोडून सांगावं लागतं, आणि सांगताना एक शब्द चुकला तर ते चुकलेलंच इमानदारीनं करतं.

‘कॉम्प्युटर’ हा शब्द आधी यंत्राचा नव्हताच. अमेरिकेत हिशेब करणाऱ्या माणसांना कॉम्प्युटर म्हणत, आणि दुसऱ्या महायुद्धात या कामावर बहुतेक मुलीच होत्या. तोफेचा गोळा कुठून कसा जाईल याचं गणित हातानं करायला तीस-चाळीस तास लागत. ते काम झटपट व्हावं म्हणून फिलाडेल्फिया शहरात एनियाक नावाचं खोलीभर पसरलेलं यंत्र बांधलं गेलं. त्यात जवळजवळ १८ हजार काचेच्या नळ्या होत्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा. ते चालवायला सहा जणी निवडल्या : केय मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्र गुप्त होतं, म्हणून सुरुवातीला त्यांना ते पाहूही दिलं नाही. हातात नुसते नकाशे दिले आणि सांगितलं, यावरून शिका. त्या शिकल्या, आणि इतक्या शिकल्या की यंत्र बिघडलं तर हजारो नळ्यांतली नेमकी कोणती गेली ते त्या शोधून काढत.

फेब्रुवारी १९४६ मध्ये हे यंत्र जगाला दाखवायचं ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं, फक्त एक अडचण होती. गोळा जमिनीवर आदळला तरी यंत्र थांबत नव्हतं. हिशेब पुढं चालूच, म्हणजे कागदावर गोळा जमिनीत घुसून खाली खाली निघालेला. बेटी स्नायडर विचार करत घरी गेली, झोपली, आणि म्हणतात की उत्तर तिला झोपेतच सापडलं. सकाळी येऊन तिनं एकच बटण एका घरानं सरकवलं आणि गोळा जमिनीवर थांबला. कार्यक्रम थाटात पार पडला. रात्री मोठी मेजवानी झाली. या सहा जणींना तिचं निमंत्रण नव्हतं. पुढं चाळीसेक वर्षं जुन्या फोटोंतल्या या बायका कोण हे विचारायचंही फारसं कुणाला सुचलं नाही.

आता यातलं एक नीट ऐका. एनियाकनं चूक झाल्याचं सांगितलं नव्हतं. ना घंटा वाजली, ना दिवा लागला. आकडे येत होते आणि दिसायला छान दिसत होते. चूक बाईच्या लक्षात आली, कारण गोळा जमिनीखाली जात नाही हे तिला माहीत होतं.

म्हणून आम्ही म्हणतो की चुका दोन जातीच्या. एक ओरडणारी आणि एक मुकी. पुण्याच्या त्या पोरीला ज्या लाल ओळी दिसतात, ती ओरडणारी चूक. पदर लोळतोय गं, असं भर रस्त्यात सांगणाऱ्या शेजारणीसारखी. त्या वेळी लाज वाटते, पण उपकार तिचेच. मुकी चूक मात्र पदर फाटेपर्यंत गप्प बसते.

चुकीला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका यंत्रात खरोखरच पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो वहीत चिकटवून ठेवला. शब्द त्याआधीचा आहे, बिघाडाला किडा म्हणायची रीत एडिसनच्या काळापासूनची. पण गोष्ट गाजली, कारण त्या गटात ग्रेस हॉपर होत्या. माणसाच्या भाषेच्या जवळ जाणाऱ्या शब्दांत यंत्राला सूचना देता आल्या पाहिजेत, हे त्यांनी हट्टानं पुढं नेलं. कोबोल ही भाषा त्यांच्याच कामातून १९५९ मध्ये उभी राहिली. आपल्याकडं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेलं टिफ्रॅक हे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागलं. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा दोन-तीन महिने बाकी होते.

आज अशा भाषा ढीगभर आहेत. फोर्ट्रान, कोबोल, सी, पायथन, जावास्क्रिप्ट. भाषा बदलली तरी चुका त्याच राहतात, मात्र प्रत्येक भाषेचा स्वभाव वेगळा. समजा एका घरात ‘५’ हा आकडा म्हणून नाही, तर अक्षर म्हणून लिहिला गेला, आणि त्यात ३ मिळवा म्हटलं. पायथन तिथंच थांबते आणि भांडते की अक्षरात आकडा मिळवता येत नाही. जावास्क्रिप्ट काही न बोलता दोन्ही शेजारी ठेवून ५३ देते. गटाच्या हिशेबात आठाच्या जागी त्रेपन्न! आम्हाला विचाराल तर भांडणारी बरी.

मोजण्याचंही तसंच. शंभर फूट कुंपणाला दर दहा फुटांवर खांब लावायचा तर खांब किती? पटकन दहा म्हणाल, पण लागतात अकरा. फोर्ट्रान पहिल्या वस्तूला एक म्हणते. सी, पायथन, जावास्क्रिप्ट शून्य म्हणतात, आपण तळमजला सोडून वरच्याला पहिला मजला म्हणतो तसं. एका भाषेतून दुसरीत गेलेली मुलगी इथं हमखास ठेचकाळते. पायथनमध्ये यादी संपल्यावर पुढची वस्तू मागितली तर ती ओरडते. सी कित्येकदा शेजारच्या घरात हात घालून जे सापडेल ते आणून देते.

मुकी चूक किती लांब जाते ते सन २००० च्या वेळी जगानं पाहिलं. जुन्या यंत्रांत जागा महाग होती, म्हणून कोबोलमध्ये साल दोनच आकड्यांत ठेवायची सवय पडली, १९८८ चं नुसतं ८८. अमेरिकेत १९९२ मध्ये १०४ वर्षांच्या एका आजीबाईंना बालवाडीत येण्याचं पत्र आलं. जन्म १८८८ चा, यंत्राला दिसलं ८८. हसू येतं, पण बँका, विमा, पेन्शन सगळं याच आकड्यांवर चालत होतं. हे जुने प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करायचं फार मोठं काम भारतात आलं. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मुलामुलींच्या पहिल्या नोकऱ्या याच कामावर लागल्या. नवीन काही बांधायचं नव्हतं, दुसऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्यात चूक शोधायची होती. १ जानेवारी २००० ला फारसं काही बिघडलं नाही, तेव्हा लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. घर झाडलेलं असलं की झाडणारी कुणाला दिसत नाही.

आता आपल्या मराठीची गोष्ट. ही आम्हाला सगळ्यात जवळची.

यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला नंबर द्यावा लागतो. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था सुरू झाली, तिनं भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं मोठं काम केलं, आणि १९९१ मध्ये त्यासाठी सरकारी मानकही आलं. तरी कचेऱ्यांत, छापखान्यांत वर्षानुवर्षं वेगवेगळे फॉन्ट चालले. त्यातले बरेच फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या नंबरावर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवायचे. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर कागद उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला सगळ्या जगात एकच नंबर दिला. क चा २३२५, र चा २३५२.

तरी एक गाठ राहिली, आणि ती आपल्या रोजच्या शब्दात आहे. ‘सूर्य’ मधला र डोक्यावर जातो. ‘दऱ्या’ मधला र मात्र आडवा, पापणीसारखा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे आपल्या बालाघाटातल्या. आचार्यांना बोलवा आणि आचाऱ्यांना बोलवा यात लग्नाच्या पंगतीचा फरक पडतो. हिंदीला हा आडवा र लागत नाही, मराठीला पावलोपावली लागतो. तो यंत्रात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत २३५३ नंबरचा वेगळा र असतो. दुसरीत साधाच र, पण पुढं एक न दिसणारी खूण. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. आता सांगा, आपल्या कागदांत सगळ्यात जास्त येणारा शब्द कोणता? ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांचे’. एका यादीत तो एका तऱ्हेनं लिहिलेला असेल आणि शोधणारीनं दुसऱ्या तऱ्हेनं टाइप केला, तर यंत्र सरळ सांगू शकतं की असं काही सापडत नाही. लाल ओळ नाही, घंटा नाही. ही चूक इंग्रजीत विचार करणाऱ्याच्या स्वप्नातही येणार नाही. ती मराठी वाचणारीलाच सापडेल. बीडचंही तेच. जनगणनेच्या इंग्रजी कागदांत आपला जिल्हा बी-आय-डी आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी बी-डबल ई-डी. आपल्याला एकच गाव, यंत्राला दोन.

आणखी एक मुकी चूक आपल्याच वहीतली. सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळावर पाठवलेलं एक अमेरिकन यान नष्ट झालं. एका प्रोग्रामनं आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्यानं ते मेट्रिक समजून घेतले. आकडा बरोबर, पण कशाचा ते चुकलं. आता मुकादमाची वही डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल एका कोयत्याची, आणि ती बहुतेक वेळा जाते नवऱ्याच्या हातात. उद्या ही वही कुणी जशीच्या तशी कॉम्प्युटरवर चढवली आणि कोयता म्हणजे एक मजूर असं धरलं, तर बेरीज अगदी बरोबर येईल, आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणारी बाई त्यात कुठंच नसेल. जगातली कोणतीही भाषा यावर लाल ओळ दाखवणार नाही.

चूक शोधायची रीत मात्र तुम्हाला येतेच. गटाची रोकड जुळत नाही तेव्हा काय करता? शेवटचं कुठं जुळलं होतं ते बघता आणि तिथून पुढं येता. प्रोग्राम लिहिणारेही हेच करतात. जुन्या हिशेबनीसांची एक युक्ती सांगतो : फरकाला ९ ने भाग जात असेल तर बहुतेक दोन आकडे उलटसुलट झालेत. ४५० चे ५४० लिहिले की फरक ९०. आणि फरकाची निम्मी रक्कम वहीत सापडली, तर ती जमेऐवजी खर्चात किंवा खर्चाऐवजी जमेत गेली असेल.

पुण्याच्या मुलीला आम्ही निरोप धाडला. सी शिकत असशील तर सगळ्यात वरची लाल ओळ आधी वाच, खालच्या बऱ्याचदा तिच्याच पोटातल्या असतात. पायथन असेल तर उलटं, सगळ्यात खालची ओळ वाच. ओळीचा नंबर लिहिलेला असतो, तिथं जा. तिथं काही नसेल तर एक ओळ वर बघ, कंस मिटायचा राहिला असेल. आईनं फोनवर हे सगळं वाचून दाखवलं, मधे दोनदा थांबून विचारलं, कंस म्हणजे कृष्णाचा का?

मावशींचे कागद घेऊन आम्ही ओट्यावर बसलो. नाव बघितलं, बरोबर. जन्मतारीख बघितली, दिवस आधी, महिना नंतर, बरोबर. खाते नंबर शून्यानं सुरू होत होता, म्हणून तो एक एक आकडा बोट ठेवून तपासला, कारण तक्त्यात चढवताना पुढचं शून्य कित्येकदा गळतं. तेही होतं. मग बँकेचा आयएफएससी कोड. ही अकरा अक्षरं असतात, पहिली चार बँकेची, आणि पाचवं नेहमी शून्य. अर्जावर पाचव्या जागी इंग्रजी ओ टाइप झाला होता. दिसायला गोलच की तोही.

मावशींनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. मग म्हणाल्या, मग माझं काय चुकलं होतं? आणि पासबुक पिशवीत घालून केंद्राकडं निघाल्या.