सीसीटीव्हीचे रेझोल्यूशन आणि चित्रणाची स्पष्टता : मेगापिक्सेलच्या आकड्यामागचे गणित

देवळातील फंडपेटी फुटते, दुकानाचे शटर उचकटले जाते किंवा सोसायटीच्या आवारातून दुचाकी पळवली जाते. तपासासाठी आलेले पोलीस प्रथम सीसीटीव्हीचे चित्रण मागतात. त्यात चोर दिसतो, त्याची चाल दिसते, अंगातला शर्टही दिसतो. चेहऱ्याच्या जागी मात्र पुसट डाग असतो. कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा असल्याचे मालक सांगतो आणि ते खरेही असते. मग चेहरा का ओळखू येत नाही, याचे उत्तर रेझोल्यूशन या संकल्पनेत आणि तिच्या मर्यादांत आहे.

रेझोल्यूशन म्हणजे काय?

डिजिटल चित्र हे पिक्सेल नावाच्या सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. आडव्या व उभ्या ओळींतील बिंदूंची संख्या म्हणजे त्या चित्राचे रेझोल्यूशन. जुन्या अॅनालॉग यंत्रणेतील चांगले चित्रण ७०४ × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख पिक्सेलचे असे. ‘फुल एचडी’ किंवा दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. पाच मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात सामान्यतः २५९२ × १९४४, तर ‘फोर के’ कॅमेऱ्यात ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात.

फुल एचडीच्या तुलनेत फोर केमध्ये पिक्सेल चौपट असले, तरी आडव्या ओळीतील संख्या दुप्पटच होते. त्यामुळे लेन्सचा कोन तोच ठेवल्यास चेहरा ओळखता येण्याचे अंतरही दुप्पटच वाढते, चौपट नव्हे.

मीटरमागे किती पिक्सेल?

चित्रात एकूण पिक्सेल किती, यापेक्षा दृश्यातील प्रत्येक मीटर रुंदीच्या वाट्याला किती पिक्सेल येतात, हे निर्णायक ठरते. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्याचे टप्पे दिले आहेत. गर्दीवर सर्वसाधारण नजर ठेवण्यासाठी मीटरमागे १२.५, माणूस आला आहे एवढे कळण्यासाठी २५, पोशाखासारखा तपशील टिपण्यासाठी ६२.५, परिचित व्यक्ती ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी व्यक्तीची ओळख निःसंशय पटवण्यासाठी २५० पिक्सेल लागतात.

आता पाच मेगापिक्सेलचा तोच कॅमेरा घेऊ. त्याच्या लेन्सचा आडवा कोन ९० अंश असल्यास दृश्याची रुंदी अंतराच्या दुप्पट होते. फाटक १५ मीटर दूर असेल, तर तेथे दृश्य ३० मीटर रुंद पसरते आणि २५९२ पिक्सेल त्यावर विभागले जाऊन मीटरमागे जेमतेम ८६ उरतात. पोशाख कळतो, चेहरा कळत नाही. निःसंशय ओळखीसाठी माणूस कॅमेऱ्यापासून सव्वापाच मीटरच्या आत यावा लागतो.

याउलट, केवळ दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ३० अंशांची अरुंद लेन्स बसवली, तर सुमारे १४ मीटरपर्यंत तेवढीच स्पष्टता मिळते. ९० अंशांच्या फोर के कॅमेऱ्याची ही मर्यादा ७.७ मीटरच्या आसपास संपते. म्हणूनच संपूर्ण आवार दाखवणारा एक कॅमेरा आणि प्रवेशद्वारावर रोखलेला दुसरा, ही रचना एकाच महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. कॅमेरा फार उंचावर असेल, तर चित्रात डोक्याचा माथा किंवा हेल्मेटच येते. तेथे कोणतेही रेझोल्यूशन कामास येत नाही.

रात्र, पाऊस आणि वेग

वरील सर्व हिशेब पुरेशा उजेडाचा आहे. सेन्सरचा आकार तोच ठेवून पिक्सेल वाढवले, की प्रत्येक पिक्सेल लहान होतो आणि त्याला कमी प्रकाश मिळतो. परिणामी रात्रीचे चित्र दाणेदार होते. ते उजळण्यासाठी कॅमेरा शटर अधिक काळ उघडे ठेवतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाची दुचाकी सेकंदाला १० मीटर पुढे जाते. शटर सेकंदाचा २५ वा भाग उघडे राहिल्यास तेवढ्यात ती ४० सेंटिमीटर सरकते आणि नंबरप्लेटची अक्षरे एकमेकांत मिसळतात.

अवरक्त दिव्यांवर चालणारे रात्रीचे चित्रण कृष्णधवल असते. त्यामुळे वाहनाचा किंवा कपड्यांचा रंग सांगता येत नाही. पावसाच्या धारा, धुके आणि लेन्ससमोरचे कोळ्याचे जाळे हा प्रकाश परत फेकतात, म्हणून पावसाळ्यात लेन्सची नियमित सफाई आवश्यक असते. प्रवेशद्वाराजवळ एक चांगला दिवा लावल्याने होणारी सुधारणा अनेकदा अधिक मेगापिक्सेलमुळे होणाऱ्या सुधारणेपेक्षा मोठी असते.

साठवण आणि संक्षेपण

कॅमेऱ्याने टिपलेले चित्र जसेच्या तसे साठवले जात नाही. एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतींनी ते संक्षिप्त केले जाते. एच.२६५ पद्धतीत तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मी माहिती पुरते. दर सेकंदाला किती माहिती साठवायची, तो आकडा म्हणजे बिटरेट. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने एका कॅमेऱ्याचे अखंड चित्रण दिवसाला ४३.२ गिगाबाइट जागा घेते. असे चार कॅमेरे एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसांच्या आत भरतात आणि त्यानंतर जुने चित्रण पुसले जाऊ लागते.

ही मुदत वाढवण्यासाठी बसवणारा तंत्रज्ञ अनेकदा बिटरेट कमी करून ठेवतो. रेझोल्यूशन कागदावर तेच राहते, परंतु हालचालीच्या वेळी चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटते. काही स्वस्त डीव्हीआर तर फुल एचडी चित्राची आडवी बाजू निम्मी करूनच साठवतात.

स्पष्टता व मुदत यांची ही ओढाताण सार्वजनिक यंत्रणांनाही चुकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांतील चित्रण १८ महिने, आणि उपकरणांची तेवढी क्षमता नसल्यास किमान एक वर्ष, जतन करण्याचा आदेश दिला. वरील दराने १८ महिन्यांसाठी एकेका कॅमेऱ्याला सुमारे साडेतेवीस टेराबाइट जागा लागेल.

पुराव्याची प्रत

घटनेनंतर डीव्हीआरच्या पडद्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून ते व्हॉट्सअॅपवर पाठवण्याची पद्धत रूढ आहे. त्यात स्पष्टता दोनदा घटते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेणे हाच योग्य मार्ग होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. चित्रण नंतर मोठे करून पाहिल्याने मुळात न टिपलेला तपशील निर्माण होत नाही.

यंत्रणेची खरी परीक्षा सोपी आहे. रात्री एका व्यक्तीला फाटकातून नेहमीच्या चालीने आत येण्यास सांगावे आणि दुसऱ्या दिवशी डीव्हीआरमध्ये साठवलेले चित्रण उघडून पाहावे. त्या व्यक्तीला न ओळखणाऱ्यालाही तिचा चेहरा वर्णन करता आला, तर कॅमेरा योग्य जागी आहे. थेट प्रक्षेपण स्पष्ट दिसते, एवढ्यावर बिल चुकते करणे धोक्याचे ठरते.