चुंबकीय मेघांची ओळख

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौरडागांवर काही मिनिटे प्रखर प्रकाश उसळलेला दिसला. सुमारे १७ तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनेही ते टिपले. परंतु मधल्या अवकाशातून काय धावत आले, याला साक्षीदार नव्हता.

पुढे तो यानांच्या रूपाने लाभला. सौरवाताचा अखंड प्रवाह १९६२ मध्ये मरिनर-२ ने निश्चित केला. मात्र त्या लोंढ्यातून उद्रेकाचा अंश निवडून काढणे कठीणच होते. एकट्या यानाला आपल्यावरून वाहून जाते तेवढेच कळते. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट येथे सहज आठवावी.

जानेवारी १९७८ मध्ये मात्र एकाच उद्रेकाच्या वाटेत पाच याने होती: दोन हेलिऑस, पृथ्वीनजीकचे इम्प-८ आणि गुरूकडे निघालेली दोन व्हॉयेजर. बर्लागा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या. आघाततरंगामागून चुंबकीय क्षेत्र प्रबळ झाले होते आणि त्याची दिशा संथपणे वळत गेली होती. सूर्याभोवती निदान ३० अंश पसरलेले ते चुंबकीय वेटोळे होते. प्रबळ क्षेत्र, दिशेचे संथ वळण आणि प्रोटॉनांचे कमी तापमान, या तीन खुणा जुळल्या की 'चुंबकीय मेघ' म्हणावे, असा प्रघात पुढे पडला.

हा प्रघात उपयुक्त खरा, पण अपुरा. यान मेघाच्या कडेवरून गेले तर वळण दिसतच नाही. आणि पृथ्वीला तर त्या वळणाशीच कर्तव्य असते. क्षेत्र दीर्घकाळ दक्षिणेकडे झुकले, तरच मोठे वादळ उठते.