वाक्याचे झाड आणि त्याचे मूळ

नामपूर म्हणजे कांद्याची बाजारपेठ. तेव्हा कांद्यापासूनच सुरुवात करतो. समजा, एका पाटीवर लिहिलंय, ‘जुना कांदा आणि बटाटा घेतला जाईल.’ आता जुना कोण? एकटा कांदा, की बटाटाही? अक्षरे तीच, क्रम तोच. ‘जुना’ शब्द नुसत्या कांद्याला बांधला तर एक अर्थ, दोघांना मिळून बांधला तर दुसरा. नवा बटाटा आणणाऱ्याचं काय होणार, ते या बांधणीवर ठरतं.

संगणकापुढेही हाच प्रश्न असतो. आपण त्याला देतो ती अक्षरांची सरळ ओळ. २ + ३ × ४ या ओळीचं तो आधी झाड करतो. मुळाशी अधिकचं चिन्ह ठेवलं तर उत्तर १४, गुणाकाराचं ठेवलं तर २०. या कामाला पार्सिंग म्हणतात. १९६० च्या अल्गोल ६० या भाषेच्या अहवालात असे नियम काटेकोर पद्धतीने मांडले गेले. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी सुचवलं की त्या पद्धतीच्या नावात पाणिनीचं नाव असावं.

पण आपण लगेच छाती फुगवायला नको. पाणिनीचे नियम मुख्यतः शब्दरूपे घडवतात. ऐकलेलं वाक्य उकलायचं कसं, हा वाद पुढच्या शास्त्रकारांनी रंगवला. त्याला ते शाब्दबोध म्हणत. ‘चैत्र भात शिजवतो’ हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. यात मुख्य काय? नैयायिक म्हणाले, चैत्र. बाकी सारं त्याचं विशेषण. वैयाकरण म्हणाले, शिजवण्याची क्रिया. चैत्र आणि भात तिला जोडलेले. मीमांसक म्हणाले, प्रत्ययातून कळणारी ‘भावना’, म्हणजे फळ घडवून आणणारा व्यापार. वैयाकरणांच्या बाजूने लढलेले नागेशभट्ट काळे हे काशीतल्या मराठी घराण्यातले.

आजच्या भाषेत सांगायचं तर भांडण झाडाच्या मुळाचं होतं. शाळेत उद्देश्य-विधेय करून वाक्यपृथक्करण करताना आम्हाला वाटायचं, झाड वाक्यातच असतं, आपण फक्त ते शोधतो. या वादाने तो समज मोडला. वाक्य एकच, झाडं तीन, आणि प्रत्येकामागे कर्ता मोठा की कर्म करणं मोठं, असा एक विचार.

यंत्र हा वाद घालत नाही. गुणाकार आधी, हे त्याला कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. उद्या आपले अर्ज, आपले करार यंत्र वाचणार असेल, तर त्यातला ‘जुना’ कुणाला बांधायचा हे कोणी ठरवलं, एवढं विचारायची सवय आपण ठेवू या.