शालेय वयातील योगाभ्यास : बडोद्याची परंपरा आणि पालकांसाठी काही विचार

ज्या घरात मुलगा अथवा मुलगी दहावी-बारावीच्या वर्षात आहे, त्या घरातून योगवर्गाविषयी हमखास विचारणा होते. प्राणायामाने एकाग्रता वाढते का, ध्यानाने परीक्षेची भीती जाते का, शाळेत आठवड्यातून एकदा होणारा योगाचा तास पुरेसा आहे का, असे हे प्रश्न असतात. 'होय' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तराने पालकांचे समाधान होईल, पण मुलांचे हित होईलच असे नाही. म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहू.

शाळेत आज योग म्हणून जे शिकविले जाते ते प्राचीन ग्रंथांतून जसेच्या तसे आलेले नाही. हठप्रदीपिकेतील साधक एकांतातील लहानशा मठीत बसतो, त्याला एक गुरू असतो आणि काळाची घाई नसते. शाळेच्या वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात व पस्तीस मिनिटांनी घंटा होते. मठीतून वर्गात झालेले हे स्थलांतर मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. म्हैसूरला तिरुमलई कृष्णमाचार्य यांनी राजवाड्याच्या आश्रयाने मुलांना आसने शिकविली, हे प्रसिद्धच आहे. मराठी मंडळींचा वाटाही त्यात मोठा आहे आणि त्यातील एक महत्त्वाचा धागा आपल्या बडोद्याशी जोडलेला आहे.

स्वामी कुवलयानंद यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळील डभोई येथे झाला. बडोदा कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि १९०७ ते १९१० या काळात राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे धडे घेतले. माणिकरावांचे गुरू जुम्मादादा हे मुसलमान होते. हिंदू शिष्याने आपल्या मुसलमान उस्तादाच्या नावाने चालविलेली ही व्यायामशाळा 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' म्हणून ओळखली जाते. योग कोणत्या धर्माचा, यावर आज जे वाद होतात ते ऐकताना या नावाची आठवण होते.

पुढे अमळनेर येथे अध्यापन करीत असतानाच नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडे त्यांनी योगसाधनेचे शिक्षण घेतले. त्यांचे वेगळेपण यानंतर दिसते. गुरूंकडून मिळालेल्या विद्येवर श्रद्धा ठेवूनही तिची परीक्षा घेण्यास ते कचरले नाहीत. उड्डियान आणि नौली या क्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक निघाले. समूहाने करावयाच्या योगव्यायामांसाठी त्यांनी 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तकही लिहिले. शाळेतील तासाला लागणारी शिस्त आणि योगाची मूळ संथ गती यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता.

त्याच सुमारास औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या युरोपीय बलोपासकाच्या पद्धतीने काही वर्षे व्यायाम केला होता. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानातील शाळांमधून ते सुरू केले. मुलींनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता आणि त्याची सुरुवात त्यांनी आपल्या घरापासून केली. आपल्याकडे मुंज झालेल्या आठ वर्षांच्या बटूला संध्येबरोबर प्राणायाम शिकविला जात असे, म्हणजे लहान वयात श्वासाचा अभ्यास ही काही नवी कल्पना नव्हे. पण ती बहिणींच्या वाट्याला येत नव्हती. मुलींसाठी ते दार पुष्कळ अंशी शाळेने उघडले. शालेय योगाचे मोजमाप करताना हे विसरले जाते.

ध्यान आणि सजगता

अलीकडे शाळांतून 'माइंडफुलनेस' हा शब्द ऐकू येतो. मराठीत त्यास सजगता म्हणता येईल. याचे मूळ बौद्ध परंपरेतील सतिपट्ठानात आहे. अमेरिकेतील जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी या साधनेचा आठ आठवड्यांचा, धर्मनिरपेक्ष स्वरूपाचा अभ्यासक्रम सुरू केला. तेथून ही पद्धत शाळांपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रातील शाळांमध्ये 'मित्र उपक्रम' या नावाने आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहण्याचा अभ्यास नेण्यात आला. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आनंदविषयक अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही सजगतेस स्थान होते.

या सर्वांचा उपयोग किती? येथे एक प्रयोग नीट समजून घेण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतील आठ हजारांवर विद्यार्थ्यांचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. ही मुले ११ ते १४ वर्षे वयाची होती. निम्म्या शाळांत प्रशिक्षित शिक्षकांनी सजगतेचे धडे दिले, उरलेल्या शाळांत नेहमीचेच शिक्षण चालू राहिले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. ज्या मुलांना आधीपासूनच मानसिक त्रासाचा धोका होता, त्यांच्या बाबतीत हे धडे कदाचित अपायकारक ठरत असावेत, अशीही शंका संशोधकांनी नोंदविली. बहुसंख्य मुलांनी घरी अभ्यास केलाच नव्हता, हीदेखील त्यातील एक महत्त्वाची नोंद आहे.

हा प्रयोग आसनांचा अथवा प्राणायामाचा नव्हता, त्यामुळे त्यावरून सर्व योगाभ्यास निरुपयोगी ठरत नाही. परंतु ध्यानाचा पाठ सरसकट सर्व मुलांना दिला की सर्वांचे भले होईल, ही समजूत त्यातून डळमळीत होते. आपल्या परंपरेस हे अगदीच अपरिचित नसावे. सिंह, हत्ती, वाघ यांना जसे हळूहळू वश करावे लागते तसेच प्राणासही करावे, अन्यथा साधकाचाच घात होतो, असा इशारा हठप्रदीपिकेने दिला आहे. अधिकारभेद हा शब्द जातीपातीच्या संदर्भात बदनाम झाला, तथापि 'ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे' हा त्यातील अर्थ शालेय योगास आवश्यकच आहे.

प्रत्यक्ष अभ्यास

बारा ते सोळा या वयात उंची झपाट्याने वाढते. हाडे वाढतात त्या वेगाने स्नायू लांबत नाहीत, म्हणून कालपर्यंत सहज वाकणारा मुलगा पश्चिमोत्तानासनात एकाएकी ताठ वाटू लागतो. तो आळशी झालेला नसतो. त्याच्या पाठीवर हात ठेवून खाली दाबणे ही काही शिक्षकांची सवय अत्यंत घातक आहे. आसन स्थिर आणि सुखकारक असावे, एवढे पतंजलींचे लक्षण शिक्षकाने ध्यानात ठेवले तरी निम्म्या दुखापती टळतील. ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, शलभासन, वज्रासन, पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन एवढा क्रम वर्गासाठी पुरेसा आहे. शीर्षासन गर्दीत शिकवू नये. सूर्यनमस्कार सहापासून सुरू करून बारापर्यंत न्यावेत. १०८ नमस्कारांच्या स्पर्धांचे आकर्षण मुलांना असते, आयोजकांना त्याहून अधिक, पण थकलेल्या मुलाची कंबर प्रत्येक नमस्कारात अधिकाधिक खचत जाते.

श्वासाच्या बाबतीत सर्वांत उपयुक्त गोष्ट सर्वांत साधी आहे. चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर सोडावा. या गतीने मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते, मन थोडे निवते. प्रश्नपत्रिका हाती येण्यापूर्वी पाच मिनिटे हे बाकावर बसून करता येते, शेजाऱ्याला कळतही नाही. अनुलोम-विलोम व भ्रामरी हे प्रकारही योग्य आहेत. कुंभक मात्र या वयात वर्गात शिकवू नये. भस्त्रिका आणि वेगवान कपालभाती फेफरे येणाऱ्या मुलांना वर्ज्य आहेत, दमा असणाऱ्यांनी त्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत. चक्कर आली, हातापायांना मुंग्या आल्या तर थांबावे. मासिक पाळीच्या दिवसांत एखाद्या मुलीला बसून राहावेसे वाटले, तर कारण न विचारता तशी मुभा असावी.

ध्यानात डोळे मिटण्याची सक्ती नसावी. काही मुलांच्या मनात भीतीचे प्रसंग साठलेले असतात, डोळे मिटताच तेच समोर येतात. अशा मुलाने समोरच्या जमिनीकडे अथवा समईच्या ज्योतीकडे पाहिले तरी चालेल. तीन मिनिटे शांत बसणे जमले की पाच करावीत.

ब्राह्ममुहूर्ताविषयी येथे स्पष्टच लिहितो, काही वाचकांना ते रुचणार नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात शरीराचे घड्याळ स्वभावतःच उशिराकडे सरकते. रात्री बारापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलाला पहाटे साडेचारला प्राणायामासाठी उठविणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. संध्याकाळी, खाणे होऊन दोन-तीन तास झाल्यावर केलेला अभ्यास त्याहून कितीतरी चांगला.

सक्ती व मंत्र

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये शाळांत योग सक्तीचा करण्याची मागणी फेटाळली. शाळेत काय शिकवावे हे ठरविणे आपले काम नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती. अमेरिकेतील अलाबामा राज्याने १९९३ पासून शाळांत असलेली योगाची बंदी २०२१ मध्ये उठविली, मात्र आसनांची नावे इंग्रजीतच असावीत आणि 'नमस्ते' म्हणू नये, अशी अट घातली. आपल्याला याचे हसू येते. पण एखाद्या अन्यधर्मीय मुलाला मंत्र म्हणण्यास भाग पाडणे हीदेखील त्याच जातीची चूक आहे. मंदिरातील वर्गात ॐकार आणि सूर्याची बारा नावे घेतली जाणे स्वाभाविक आहे. शाळेत ती ऐच्छिक असावीत. ज्याला म्हणावयाची नाहीत त्याने नुसता श्वास मोजावा, शरीराला होणारा लाभ त्याने उणावत नाही.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे. नियमित, थोडा आणि आवडीने केलेला अभ्यास झोप सुधारण्यास, बैठक स्थिर होण्यास आणि ऐन वेळी घाबरगुंडी कमी करण्यास साहाय्य करतो. गुण वाढतील असे आश्वासन कोणत्याही योगशिक्षकाने देऊ नये आणि पालकांनी तसे मागूही नये. मुलगा अथवा मुलगी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, खाणे-झोप बिघडली असेल, मित्रांत मिसळणे थांबले असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे शब्द तोंडून निघत असतील, तर ते काम योगवर्गाचे नाही. विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलीमानस' सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे स्वतः मुलालाही बोलता येते.